मसाला पॅकिंगच्या युनिटमध्ये नव्या माणसाला शिकवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कळमेश्वर एमआयडीसीत मसाला पॅकिंगचं युनिट, 34 माणसं, दोन पाळ्या. नवीन पोरगा आला की त्याला जुन्या ऑपरेटरसोबत उभं करतात. तरी पुड्या गळतात, वजनाच्या तक्रारी येतात, आणि जरा हात बसला की पोट्टे काम सोडून जातात. नागपूरच्या एका ट्रेनिंगवाल्याला दोन दिवस बोलवावं का? आणि माणूस टिकतच नसेल तर त्याच्यावर खर्च तरी का करावा?

यात दोन नाही, तीन प्रश्न गुंतले आहेत. पुडी का गळते, नवीन माणूस नीट का शिकत नाही, आणि शिकलेला का जातो. दोन दिवसांच्या शिबिरानं यातला एकही सुटणार नाही, कारण तुमच्याकडे शिकवण्याची खरी जागा मशीनशेजारी आहे आणि तिथे शिकवणाऱ्याला शिकवायचं कसं हे कोणी सांगितलेलं नाही. पण त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या.

गळक्या पुड्यांचा दोष सरसकट माणसाच्या माथी मारू नका. एका आठवड्यातली सगळी गळकी पाकिटं फेकून न देता जमवा आणि टेबलावर त्यांचे ढीग करा. सीलच्या पट्टीत तिखट अडकलेली वेगळी, सुरकुती पडलेली वेगळी, जळून कडक झालेली वेगळी, बोटानं ओढताच सुटणारी वेगळी. दिसायला ठीक पण शंका वाटते ती पाण्यात बुडवून दाबा, बुडबुडा जिथून येईल तिथे खूण करा. प्रत्येक ढिगाचं कारण निराळं असतं. सीलमध्ये पूड असेल तर ऑगर (पूड मापून सोडणारा स्क्रू) थांबल्यावरही थोडी पूड सांडत राहते आहे किंवा जॉ (पुडी दाबून सील करणारा तापलेला जबडा) लवकर मिटतो आहे. सुरकुती म्हणजे फिल्म कॉलरवर, म्हणजे तिला नळीसारखी वळवणाऱ्या भागावर, एका बाजूला सरकते आहे. जळकं सील बहुतेकदा तेव्हा दिसतं जेव्हा कोणीतरी मशीनचा वेग कमी करतो पण तापमान तेवढंच ठेवतो. सहज सुटणारं सील याच्या उलट: वेग वाढवला, ताप वाढवला नाही, किंवा जॉवरचं टेफ्लॉन कापड झिजलं आहे. कापड झिजलं असेल तर जगातला सर्वोत्तम प्रशिक्षक आणला तरी पुडी गळणारच.

दुसरी चाचणी त्याहून सोपी. ज्या ऑपरेटरच्या पाळीत गळती जास्त, त्याला तुमच्यासमोर, शांतपणे, तेच काम करायला सांगा. त्यानं बरोबर केलं तर त्याला काम येतं. तो एरवी तसं करत नाही त्याचं कारण टार्गेट, घाई किंवा सुपरवायझरचा ओरडा यात शोधा. चुकला तरच तो प्रशिक्षणाचा प्रश्न. माझ्या अनुभवात मालक लोक ही पायरी सोडून थेट ट्रेनिंगवर येतात, कारण ट्रेनिंगचं बिल देणं टार्गेट बदलण्यापेक्षा सोपं असतं.

आता जुन्या ऑपरेटरकडे येऊ. ‘बघ आणि शिक’ ही पद्धत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कारखान्यातलं बहुतेक कौशल्य मशीनशेजारीच येतं. पण ती जशीच्या तशी सोडली की ठरावीक ठिकाणी फसते. आईला विचारा कणकेत पाणी किती, ती म्हणेल ‘लागेल तेवढं’. तुमच्या ऑपरेटरचंही तेच आहे. रोल बदलताना तो फिल्म अंगठ्यानं किंचित ताणून धरतो, हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं, मग तो सांगणार कसा? शिवाय तो मशीनच्या पलीकडे उभा राहून दाखवतो, त्यामुळे नव्याला सगळं उलटं दिसतं. चालू उत्पादनात तो थांबू शकत नाही, कारण पुड्यांचा आकडा त्याच्याच नावावर लागतो. आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही: सगळं शिकवलं तर आपली किंमत राहील का, ही धास्ती त्याच्या मनात असते. ती अगदीच खोटीही नसते.

म्हणून सुरुवात शिकवणाऱ्यापासून करा. प्रत्येक पाळीतले दोन ऑपरेटर निवडा. सर्वांत वेगवान असलाच पाहिजे असं नाही. ज्याला दहा वेळा विचारलं तरी चिडचिड होत नाही तो बघा. शिकवायच्या वेळेत त्याचं टार्गेट शून्य धरा आणि शिकवण्याचा भत्ता पगारपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. रक्कम छोटी चालेल, ओळ वेगळी हवी.

मग त्याच्यासोबत बसून एकेका कामाचा कागद तयार करा. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत 1940 साली युद्धाच्या तयारीसाठी कारखान्यांत झपाट्यानं नवी माणसं भरावी लागली, तेव्हा सुपरवायझरना शिकवायला शिकवणारा कार्यक्रम उभा राहिला. त्यातला काम शिकवण्याचा भाग दोन-दोन तासांच्या पाच बैठकांचा, एका गटात दहा माणसं. पुढे जपानी कारखान्यांनी तो उचलला. त्याला ना संगणक लागतो ना प्रोजेक्टर.

कागदावर तीन रकाने. पहिल्यात पायरी, दुसऱ्यात कळीचा मुद्दा, तिसऱ्यात त्याचं कारण. पायऱ्या पाच ते सात. त्याहून जास्त झाल्या तर काम दोन धड्यांत मोडा. एक धडा वीस-तीस मिनिटांत संपला पाहिजे. फिल्मचा रोल बदलण्याचा कागद साधारण असा होईल:

मशीन थांबवा आणि जॉ उघडे आहेत हे डोळ्यानं पाहा. कळीचा मुद्दा: फक्त बटण दाबून भागत नाही, स्विच बंद स्थितीत हवा. कारण: अडकलेली फिल्म काढताना जॉ मिटला तर बोट भाजतं आणि चिरडतंही.

नवा रोल चढवा. कळीचा मुद्दा: छपाईची बाजू कोणती आणि फिल्म रोलच्या वरून सुटते की खालून, हे मशीनवर चिकटवलेल्या फोटोशी ताडून बघा. कारण: उलटी चढली तर सील होणारी बाजू बाहेर येते आणि जॉला चिकटते.

जुन्या फिल्मचं टोक नव्याला टेपनं जोडा. कळीचा मुद्दा: दोन्हीकडचे आय मार्क (सेन्सरनं वाचायच्या छापील खुणा) एका रेषेत, टेप पूर्ण रुंदीभर. कारण: मार्क सरकला की सेन्सर चुकतो आणि पुडी मधूनच कापली जाते.

फिल्म हळू ओढून जोड कॉलरच्या पुढे काढा. कळीचा मुद्दा: दोन्ही कडा सारख्या जुळल्या पाहिजेत. कारण: एक कड मागे राहिली तर उभं सील अर्धवट बसतं.

बॅच नंबर, तारीख आणि किंमत पहिल्या पुडीवर वाचा. कळीचा मुद्दा: मोठ्यानं वाचा, दुसऱ्यानं कागदाशी ताडायचं. कारण: चुकीच्या छापाचा माल बाजारातून परत आणावा लागतो.

दहा रिकाम्या पुड्या चालवा, तिन्ही सील ओढून पाहा, मगच पूड सोडा. कळीचा मुद्दा: जोड असलेली पुडी हातानं बाजूला काढून मोडा. कारण: ती कार्टनमध्ये गेली तर नेमकी तीच गळते.

तिसऱ्या रकान्याला लोक कंटाळतात, पण तोच सगळ्यात कामाचा. कारण माहीत नसलेला मुद्दा रात्रपाळीत दोन वाजता सर्वांत आधी गळून पडतो.

कागद भिंतीवर लावून शिकवणं होत नाही, तो शिकवणाऱ्याच्या खिशातला आहे. शिकवताना क्रम असा ठेवा. आधी नव्याला मोकळं करा, त्याला यातलं काय येतं ते विचारा आणि त्याला आपल्याच बाजूला, खांद्याला खांदा लावून उभं करा. मग काम तीनदा दाखवा: पहिल्यांदा नुसत्या पायऱ्या, दुसऱ्यांदा कळीच्या मुद्द्यांसह, तिसऱ्यांदा कारणांसह. एकाच वेळी सगळं सांगितलं तर त्यातलं काहीच राहत नाही. नंतर त्याच्याकडून चारदा करून घ्या: आधी न बोलता, चूक होताच तिथेच हात थांबवून, मग पायऱ्या बोलत, मग मुद्दे बोलत, शेवटी कारणं सांगत. त्यानंतर त्याला एकट्यावर सोडा, पण अडलं तर कोणाला विचारायचं ते नाव घेऊन सांगा. पहिल्या दिवशी तासातासानं बघा, मग पाळीत दोनदा, मग आठवड्यातून एकदा.

‘समजलं का बे?’ हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर आपल्याकडे नेहमी ‘हो न भाऊ’ असंच येतं. त्याऐवजी ‘ही जोडवाली पुडी का मोडली?’ असं विचारा. आणि तुमच्याकडे छिंदवाडा, बालाघाटकडची मुलं असतील तर धडा हिंदीत द्या, कागदावर मजकूर कमी आणि फोटो जास्त ठेवा. मराठीचा आग्रह सणाला ठेवू, जॉपाशी नको.

काय आधी आणि काय नंतर, यावर माझं मत जरा वेगळं आहे. बहुतेक युनिटमध्ये नव्याला आधी झाडू, मग कार्टन भरणं आणि एक दिवस ऑपरेटर आला नाही म्हणून अचानक मशीन देतात. मी पहिला आठवडा खराब पुडी ओळखण्यावर लावतो. पहिल्या दिवशी सुरक्षितता आणि स्वच्छता: आणीबाणीचं लाल बटण स्वतः दाबून बघणं, टोपी, मास्क, हात धुणं, अंगठी-कडं काढणं, तिखटाचा हात डोळ्याला न लावणं. जॉवर चिकटलेलं काढायला पितळी ब्रश, ब्लेड नाही, तेही मशीन बंद करून. एवढं पुरे, चार तासांचं भाषण नको. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही जमवलेले ते गळक्या पुड्यांचे ढीग त्याच्यासमोर ठेवा आणि चांगल्यात मिसळून वेगळे करायला लावा. पन्नास पुड्यांत दहा खराब लपवा. दहाही सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. ज्याचा डोळा तयार झाला त्याचा हात लवकर बसतो, कारण आपलं चुकलं हे त्याला स्वतःलाच दिसतं. दुसऱ्या आठवड्यात वजन आणि छपाई, तिसऱ्या-चौथ्यात रोल बदलणं, ऑगरची सेटिंग दुसऱ्या महिन्यात. सरावासाठी बाद फिल्म आणि विक्रीला न जाणारी पूड वापरा. सराव संपल्यावर मशीन धुऊन-पुसून देणं हाही एक धडाच. तिखटानंतर हळद लावताना हीच सफाई कामी येते.

वजनावर थोडं थांबतो, कारण तुमचे पैसे तिथून जातात. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार 100 ग्रॅमच्या एखाद्या पुडीत 4.5 ग्रॅमपर्यंत कमी भरण्याची मुभा आहे, पण नमुन्याची सरासरी जाहीर वजनाच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणून 95.6 ची पुडी ‘चालते’ असं शिकवलं जात असेल तर ते आधी थांबवा. नव्या माणसाची नेहमीची चूक उलटीच असते. एक पुडी 98 आली की तो ऑगरची सेटिंग वाढवतो, पुढची 103 आली की कमी करतो. मशीन मुळात एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे होणारच. त्यानं हात लावल्यानं ते चार-पाच ग्रॅम होतं. नियम असा द्या: पाळी सुरू होताना 100 ग्रॅमच्या प्रमाणित वजनानं काटा तपासायचा, रिकाम्या पुडीचं वजन वजा करायचं, दर अर्ध्या तासाला लागोपाठच्या पाच पुड्या मोजून सरासरी लिहायची. एखादी पुडी बाहेर गेली तर लगेच पुढच्या पाच मोजा. सरासरी हलली असेल तरच सेटिंगला हात. आणि कमी पडायला नको म्हणून सरसकट जास्त भरणाऱ्याला हा हिशोब दाखवा: दिवसाला 20,000 पुड्या आणि प्रत्येकीत एक ग्रॅम जास्त, म्हणजे रोज 20 किलो, 26 दिवसांत 520 किलो मसाला फुकट. हा आकडा ऑपरेटरला सांगणारा मालक मला क्वचितच दिसतो.

आपल्याकडच्या हवामानाचा परिणामही शिकवण्यात धरा. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की फिल्मवर स्थिर वीज साचते आणि बारीक तिखट कडांना चिकटून सीलमध्ये येतं. जुलैत उलट: पूड दमट होते, हॉपरमध्ये (पूड भरायच्या नरसाळ्यात) कमान धरते आणि वजन अचानक उतरतं. उन्हाळ्यात तयार झालेला ऑपरेटर पावसाळ्यात गोंधळतो, तो त्याचा निष्काळजीपणा नाही; त्याला जुलैचा वेगळा अर्ध्या तासाचा धडा हवा. आणि मे महिन्यात दुपारी दोन ते चार पत्र्याच्या शेडमध्ये कोणालाही काही शिकवू नका. पाळीच्या पहिल्या अर्ध्या तासात शिकवा. भरतीही जानेवारीत करा. घरोघरी वर्षाचं तिखट-मसाला भरण्याची गर्दी सुरू झाल्यावर घेतलेल्या माणसाला शिकवायला कोणाकडेच वेळ नसतो.

कोणाला काय येतं याचा एक तक्ता ऑफिसात लावा. एका बाजूला नावं, वर सात-आठ कामं. प्रत्येक घरात एक चौकोन, त्याचे चार भाग: शिकतो आहे, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, शिकवू शकतो. घर भरायचं ते समोर करून दाखवल्यावरच, सुपरवायझरच्या मतावर नाही. ऑगर सेटिंग आणि रोल बदलणं या कामांना प्रत्येक पाळीत एकट्यानं करू शकणारे निदान दोन हवेत. असा तक्ता भरला की बऱ्याचदा कळतं की सगळं युनिट एकाच माणसावर उभं आहे, आणि त्याच्या घरी लग्न निघालं की मशीन बंद. दिवाळी किंवा सोयाबीनच्या कापणीहून महिन्याभरानं परतलेल्याची परीक्षा पुन्हा घ्या, हात विसरतो.

बाहेरचा माणूस कधी बोलवावा? मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर जरूर बोलवा. तापमान, दाब आणि वेग यांचा मेळ तोच दाखवू शकतो. तापमानाची मर्यादा फिल्म पुरवणाऱ्याकडून लेखी घ्या, कारण ती फिल्मप्रमाणे बदलते. अन्नसुरक्षेसाठी एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) फॉस्टॅक प्रशिक्षण कार्यक्रमातून प्रशिक्षित पर्यवेक्षक दर 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे एक लागतो, म्हणजे तुम्हाला दोन धरून चाला, पाळीला एक. प्रेरणा, सकारात्मक विचार वगैरे विकणाऱ्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवा. कोणाला बोलवायचंच असेल तर अट घाला की तो तुमच्या चार शिकवणाऱ्यांसोबत मशीनवर काम करेल, त्यांच्याकडून धडे घेऊन बघेल आणि महिन्यानं परत येईल. ही अट ऐकून किती जण मागे फिरतात तेही कळेल.

तुमच्याकडे 30 च्या वर माणसं असल्यामुळे 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा तुम्हाला लागू होतो: कंत्राटी धरून एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के, तुमच्या बाबतीत एक ते पाच उमेदवार. विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत, केंद्राच्या प्रोत्साहन योजनेतून मिळतो. पण शिकाऊ म्हणजे स्वस्तातला हमाल धरलात तर तो ठरलेल्या मुदतीनंतर एक दिवसही थांबणार नाही.

आता जाणाऱ्यांबद्दल. गेल्या वर्षीच्या हजेरीपटातून प्रत्येकजण किती दिवसांनी गेला ते काढा. पहिल्या पंधरा दिवसांत जाणारे आणि तीन-चार महिन्यांनी जाणारे यांची कारणं एक नसतात. पहिले तिखटाच्या धुरळ्याला, ओरड्याला किंवा काटोल-सावनेरहून येण्याजाण्याला कंटाळतात. त्यांना भरतीच्या दिवशीच तासभर पॅकिंग हॉलमध्ये उभं करून काम दाखवा, ज्याला जमणार नाही तो त्याच दिवशी जाईल आणि तुमचे पंधरा दिवस वाचतील. दुसरे शिकून जातात, कारण शेजारच्या प्लॉटवर हजार रुपये जास्त मिळतात आणि तुमच्याकडे शिकल्यानं पगारात फरक पडत नाही. तक्त्यातलं एक घर पक्कं झालं की ठरलेली वाढ, पुढच्याच पगारात, असं जोडून द्या. मूळ प्रमाणपत्रं अडकवणं, पगार रोखणं, असले उपाय करू नका; त्यानं चांगला पोरगा आधी पळतो.

तरी काही जण जातीलच. तिथे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे: शिकवण्याचा खर्च कमी करा, शिकवणं नाही. कागद तयार असतील तर नव्या माणसाला एकट्यानं रोल बदलता यायला किती दिवस लागतात ते मोजा. आज तो आकडा काय आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही, म्हणून आधी दोन आठवडे फक्त नोंदी ठेवा: हजारामागे गळक्या पुड्या, रोल बदलायला लागणारी मिनिटं, वजनाची सरासरी. मग धडे सुरू करा आणि सहा आठवड्यांनी तेच तीन आकडे बघा, फक्त मेच्या आठवड्याची तुलना जुलैच्या आठवड्याशी करू नका. प्रशिक्षणानंतर भरून घेतलेले अभिप्रायाचे फॉर्म यात धरू नका. जेवण चांगलं असलं की ते नेहमीच चांगले येतात.

सगळी कामं एकदम उचलू नका. ज्या ढिगात पुड्या सर्वांत जास्त निघतील, त्या एकाच कामाचा कागद आधी करा. आणि मशीनमध्ये काहीही बदललं, नवीन फिल्म असो की नवा कोडर (तारीख-बॅच छापणारं यंत्र), तर त्याच दिवशी कागद दुरुस्त करून वर तारीख घाला, जुनी प्रत फाडा. रात्रपाळीच्या खिशात जुनीच प्रत राहिली असं फार वेळा होतं.